यांची सावकाश वाजणारी रेकॉर्ड

मंगळवार, ४ तारीख

पहिली आली ती चष्मेवाली. बेल नाही वाजवली, दारावर बोटाने टकटक केली, तीसुद्धा आत कुणी आजारी असल्यासारखी. मी दार उघडलं तर म्हणाली, "हेच ते घर?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत जिन्याच्या भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं पोरीला चक्कर आली. तीन मजले चढून कुणालाही येईल. मी धावत जाऊन स्टूल आणलं, पाणी आणलं. पाणी प्यायच्या आधी तिने विचारलं, "हे तुमच्याच नळाचं?" मी म्हटलं, "मग काय शेजारणीच्या?" तर तिने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

मागून टोपीवाला आला, धापा टाकत. हातात चौकोनी पिशवी, छातीशी तान्ह्या बाळासारखी धरलेली. माणूस घरातसुद्धा टोपी काढत नाही, म्हणजे टक्कल असणारच. बसल्यावर त्याने पांढरे हातमोजे घातले आणि पिशवीतून काय काढावं? यांची रेकॉर्ड! "तिसरा मजला"! मी चव्वेचाळीस वर्षांत तिला एवढ्या मानाने बसलेली बघितली नव्हती.

लांबच्या शहरातून आलेत दोघं. जुन्या रेकॉर्डी शोधून परत काढायचा त्यांचा उद्योग आहे. ही त्यांना भंगाराच्या बाजारात सापडली. त्यांनी ती इंटरनेटवर ठेवली आणि लाखो लोकांनी ऐकली म्हणे. टोपीवाला म्हणाला, "आजी, हा सायकेडेलिक ब्लूज रॉकचा हरवलेला दागिना आहे." तो लांबलचक शब्द चष्मेवालीने मला इथे वहीत काढून दिला म्हणून बरोबर आलाय. मी चौथी शिकलेले. ही वही नातीने दिली, म्हणाली आजी तू फोनवर एवढं बोलतेस ते लिहीत जा, माझं बिल वाचेल.

हे दुकानातून आले. घड्याळं दुरुस्त करतात, अजून. पाहुणे ताडकन उभे राहिले. हे रेकॉर्डकडे बघून एवढंच म्हणाले, "अजून आहे का ही?" आणि हातपाय धुवायला गेले. असा माणूस. आनंद झाला तरी साबण लावून धुऊन टाकतात.

बुधवार, ५

आज दिवसभर पाहुणे. मी बिस्किटांचे दोन पुडे संपवले, म्हणजे त्यांनी संपवले.

त्यांना सगळं अगदी मुळापासून हवं असतं. वाजवणारे तिघे होते. हे ढोल-थाळ्यांवर. माझे दीर, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, गिटार वाजवायचे आणि गायचे. मी त्यांना भावजी म्हणते. आणि पोस्टमन जाड तारांची मोठी गिटार धरायचा. पोस्टमन आठ वर्षांपूर्वी गेला, फार गुणी, शेवटपर्यंत माझ्या हातचा चहा विचारायचा. तिघे या खोलीत तालीम करायचे आणि मी त्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर. समारंभात वाजवायचं म्हणून गाणी केलेली, नाचायला बरी अशी. घरातल्याच गोष्टींवर. एक दोरीवरच्या कपड्यांवर, एक नळाला पाणी येत नाही त्यावर.

टोपीवाला म्हणतो, कपडे म्हणजे आत्म्याने टाकलेली शरीरं. मी म्हटलं, "अहो, कपडे म्हणजे कपडे. खालच्या बाईने ओले कपडे आमच्या दोरीवर टाकले म्हणून भांडण झालं, त्यावर भावजींनी केलं." तो समजूतदारपणे हसला. मी नुसती घरची बाई, मला आतलं काय माहीत असणार!

मग चष्मेवालीने आवाज खाली आणून विचारलं, "त्या काळात ते काही... घेत होते का?" मी म्हटलं, "घ्यायचे की. खोकल्याचं औषध. तिघेही. एकाच बाटलीतून." तिने टोपीवाल्याकडे बघितलं, टोपीवाल्याने तिच्याकडे बघितलं. तीन ओळी लिहिल्या.

बाकीच्या रेकॉर्डी कुठे आहेत विचारल्यावर मी सगळं उघडून दाखवलं. तीनशे काढल्या होत्या, बारा खपल्या. एवढा माल वाया कसा घालवायचा? घेरदार फ्रॉकचा गोल आखायला रेकॉर्डीसारखी वस्तू नाही. आणि वरचा तिघांच्या फोटोचा पुठ्ठा तर काय सुरेख, त्याचे मी कॉलरचे फर्मे कापले, बारा नंबरपासून सोळा नंबरपर्यंत. टोपीवाला मटकन खाली बसला. नंतर त्याने एकेक कॉलर हातमोजे घालून पिशवीत ठेवली. सोळा नंबरवर भावजींचा एक डोळा आला आहे, तो बघून चष्मेवालीला हुंदका आला.

माझी काटकसर तेव्हा अख्ख्या इमारतीत गाजत होती, हेही मी त्यांना सांगणार होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. इथे लिहिते. रेकॉर्ड झाली त्याच महिन्यात माझ्याकडे शाळेच्या नव्वद गणवेशांचं काम होतं आणि ऐन वेळी मशीनच्या मोटरचा रबरी पट्टा तुटला. दुकानं बंद, काय करू? गाणी भरायचं यांचं मोठं टेपचं मशीन कोपऱ्यात रिकामं बसलेलं. गाणी भरून झाली होती, चार दिवस कुणी हात लावला नव्हता. मी त्याचं मागचं झाकण काढलं, आतला पट्टा काढून माझ्या मोटरला लावला. अगदी मापाचा! आणि त्यांच्या मशीनचं अडू नये म्हणून आत यांच्या जुन्या चड्डीचं इलास्टिक दोन पदरी शिवून बसवलं. फिरत होतं हो छान. कुणाला कळलंसुद्धा नाही. नव्वदच्या नव्वद गणवेश वेळेवर गेले.

शनिवार, ८

पाहुणे दोन दिवस लॉजवर बसून लिहितायत. घर सुनं सुनं वाटतं.

आज ते लिहिते जे पाहुण्यांना सांगितलं नाही. हे आणि भावजी एकमेकांशी बोलत नाहीत. चव्वेचाळीस वर्षं. भावजी दोन गल्ल्या सोडून राहतात, दर आठवड्याला येतात, जेवतात, माझी चौकशी करतात. पण यांना काही सांगायचं असलं की, "वहिनी, त्यांना सांगा पंखा कमी करा." हे पंख्याखालीच बसलेले असतात. मग मी म्हणते, "अहो, पंखा कमी करा म्हणतात." हे म्हणतात, "त्याला सांग, तूच खुर्ची सरकव." सासूबाई गेल्या तेव्हा खांदा कुणी कुठे द्यायचा तेसुद्धा माझ्यातर्फे ठरलं. मी रडू की निरोप देऊ?

कारण ही रेकॉर्डच. गाणी इथे घरात टेपवर भरली, ते काम यांच्याकडे. मग तिघांनी टेपचं ते मशीन हातगाडीवर घालून कारखान्यात नेलं आणि त्याच्यावरून गाणी रेकॉर्डीवर उतरवली. रेकॉर्डी घरी आल्या, लावून बघितल्या, तर काय! एवढी नाचरी गाणी आणि सगळं असं ओढत ओढत, ढवळल्यासारखं. भावजींचा गोड आवाज विहिरीतून कुणी रेडा बोलल्यासारखा. दोरीवरचे कपडे काही केल्या वाळेचनात! मग टेप लावून बघितली, तीही तशीच. भावजी यांच्या अंगावर धावून गेले, "तुला एक काम दिलं होतं! भरतानाच घाण केलीस! माझा आवाज घालवलास!" पोस्टमन मध्ये पडला.

यांनी तेव्हा काय केलं, ते मला अजून दिसतं. टेपच्या मशीनचं मागचं झाकण उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, मी काजं करत होते. झाकण लावलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं."

झालं. त्यानंतर भावजींनी गाणं सोडलं आणि विम्याच्या पॉलिसी विकू लागले. यांनी ते मशीन त्याच आठवड्यात भंगारात दिलं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी मोटरचा नवा कोरा पट्टा घेऊन आले, न सांगता. म्हणाले, "शिलाईच्या मशीनला शिलाईचा पट्टा असावा." घरात एवढं रामायण चाललेलं आणि यांना पट्टा सुचतो!

आता घाई आहे म्हणून जीव वर-खाली होतो. महिनाअखेरीला भावजी त्यांच्या मुलाकडे जायचेत, कायमचे. खोली रिकामी करायला घेतली आहे. त्याआधी या दोघांनी माझ्याशिवाय एक वाक्य बोलावं, एवढं माझं म्हणणं. मग ते वाक्य पंख्याचं का असेना.

मंगळवार, ११

भावजींना सगळं कळलं. मीच सांगितलं, पण त्यांनी इंटरनेटवर बघितलं असं ते म्हणतात. सकाळी नऊला हजर. केस काळे! परवापर्यंत पांढरे होते. पुढे दोन थेंब कपाळावर आलेले. मी रुमाल दिला.

पाहुण्यांना बघून ते असे बसले की जणू खुर्चीने त्यांची वाट बघितली असावी. टोपीवाल्याने विचारलं, "सर, ही जी संथ लय आहे, काळ वितळल्यासारखी, ही कल्पना कुणाची? नव्या रेकॉर्डीच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर छापायचं आहे."

भावजी म्हणाले, "माझी."

चव्वेचाळीस वर्षं त्या लयीला शिव्या घालणारा माणूस! पुढे म्हणतात, "तेव्हा सगळे पळत होते. मी म्हटलं, थांबा. आवाजाला झोपू द्या." चष्मेवाली लिहिते आहे, लिहिते आहे, नुसती लिहिते आहे. मी यांच्याकडे बघितलं. हे घड्याळाच्या काट्यावरची धूळ फुंकत होते.

टोपीवाल्याने यांना विचारलं, "आजोबा, असंच झालं ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. "तो म्हणतो तेच छापा."

स्वयंपाकघरात मी भावजींना धरलं. म्हटलं, "भावजी, काही लाज? बिघडलं तेव्हा यांचं, आणि गाजलं तेव्हा तुमचं?"

"वहिनी, तुम्हाला कलेतलं काय कळतं?"

"कलेतलं नाही कळत. केसांना लावलेलं कपाळावर आलंय, ते कळतं."

रुमाल घेऊन निघून गेले. जाताना म्हणाले, "त्यांना सांगा, येतो." मी सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत पहिला निरोप मी गिळला.

शुक्रवार, १४

डोक्यात एकच घोळतंय. आज बटणं शोधता शोधता आठवलं, टेप आहे की! मशीन भंगारात गेलं तरी टेपचं चाक मी ठेवून घेतलं होतं, शिलाईच्या चेनच्या डब्यात, तळाशी. डबा चांगला घट्ट झाकणाचा. आणि त्या टेपवर गाण्यांच्या आधीची तिघांची बाचाबाचीही आहे. कोण कुणाला हळू म्हणालं, कोण जोरात म्हणालं, सगळं त्यात असणार. म्हणजे संथ लय यांची होती की भावजींची, दूध का दूध होऊन जाईल.

यांना दाखवलं तर चेहराच उतरला. "राहू दे ते. जुनं कशाला उकरतेस?"

"तुमचं नाव छापून येईल हो पाठीवर!"

"मला नको. टाकून दे."

टाकून देते! मी काय टाकून देणारी बाई आहे? एवढा भित्रा माणूस मी बघितला नाही. लोकांना यश पचत नाही, यांना यशाचा वाससुद्धा सहन होत नाही.

रविवार, १६

टेप डब्यात नाही. मी सगळ्या चेन काढल्या, बटणं ओतली. यांना विचारलं तर म्हणाले, "असेल कुठेतरी." तोंड फिरवून. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण खोटं बोलायला शिकले नाहीत. कान लाल होतात.

दुपारी हे दुकानात गेल्यावर मी शोधलं. बंद पडलेल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळात, लंबकामागे. स्वतःच्या चांगुलपणाला एवढं लपवणारा नवरा मला मिळाला, काय म्हणावं! चष्मेवालीला फोन केला. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "आजी, टेपला हात लावू नका, श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घ्या." गुरुवारी मशीन घेऊन येतात. भावजींनाही बोलावलं. यांना सांगितलं नाही.

गुरुवार, २०

आज झालं ते सगळं क्रमाने लिहिते.

टोपीवाल्याने केवढं मोठं मशीन आणलं, दोन माणसं लावून वर चढवलं. हे दुकानात निघाले होते, दारातच अडकले. टेप बघून परत आत येऊन बसले. भावजी समोर बसले, केस आज पुन्हा थोडे पांढरे. यांचं तोंड खिडकीकडे, त्यांचं भिंतीकडे.

टोपीवाला म्हणाला, "आज आपण त्या काळोख्या नदीच्या उगमाशी जाणार आहोत." आणि कळ दाबली.

आधी बाचाबाची. पोस्टमनचा आवाज, "अरे चहा कुठाय?" अगं बाई, माझ्या अंगावर काटा आला. मग टणटणटण, गाणं सुरू. पण कसं! उड्या मारत! दोरीवरचे कपडे वाऱ्यावर फडफडल्यासारखे. भावजींचा आवाज, सव्वीस वर्षांचा, गोड, हसरा, कुठे म्हणून रेडा नाही. माझा पाय आपोआप मशीन चालवल्यासारखा हलायला लागला.

चष्मेवाली म्हणाली, "बंद करा! वेग चुकलाय!" टोपीवाल्याने टोपी काढली (टक्कल!), मशीनचे आकडे बघितले, आणखी एकदा लावलं, आणखी एकदा. "वेग बरोबर आहे," तो म्हणाला. घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं. "हे... हे नाचाचं गाणं आहे."

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

नळाच्या पाण्याचं गाणं रेकॉर्डीवर अकरा मिनिटं आहे म्हणे, इथे साडेआठ मिनिटांत पाणी येऊन गेलंसुद्धा. चष्मेवाली जिन्यात जाऊन बसली. पहिल्या दिवशी हात लावलेल्या भिंतीला पाठ करून.

पण मी बघत होते भावजींकडे. ते वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, स्वतःचा आवाज ऐकत होते. गाणं संपलं तरी तसेच. मग म्हणाले, "वहिनी, त्यांना विचारा..." आणि थांबले. आणि सरळ यांच्याकडे वळून म्हणाले, "दादा. तू तर बरोबर भरलं होतंस."

मी हातातली कपबशी खाली ठेवली, कारण फुटली असती.

हे म्हणाले, "हो."

"आवाज बरा होता रे माझा."

"मी तेव्हाही म्हणत होतो."

"मग बिघडलं कुठे? मशीन तर आपलंच नेलं होतं कारखान्यात."

"वीज कमी असेल त्या दिवशी," हे म्हणाले. कान लाल लाल.

"मेली ती वीज!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही. "दोन सख्ख्या भावांचं चव्वेचाळीस वर्षांचं बोलणं खाल्लं तिने! माझ्या हाती लागती तर सोलून काढली असती!"

हे एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत. यांना एवढं हसताना मी लग्नातही बघितलं नव्हतं.

भावजींच्या डोळ्यांत पाणी. "दादा, मग इतकी वर्षं गप्प का राहिलास? एक शब्द सांगायचास."

"तू विचारलंस कुठे? जे विचारायचं ते वहिनीला विचारायचास." यांनी माझ्याकडे बघितलं, असं, मऊ. "हे तिच्यातर्फे सांगण्यासारखं नव्हतं रे."

मला जरा रागच आला. माझ्यातर्फे का नाही? चव्वेचाळीस वर्षांत शब्दाला शब्द पोचवला मी, एक तेवढा मंगळवारचा सोडून. पण ते दोघे बोलत होते, मध्ये कशाला पडा? पहिल्यांदा मला त्या खोलीत काही काम नव्हतं. मी आपली चहा टाकायला गेले आणि आतून ऐकत राहिले. विशेष काही नाही. पोस्टमनचं, गुडघ्याचं, भावजींच्या जाण्याचं. हे म्हणाले, "जायलाच हवं का?" भावजी म्हणाले, "तिकीट काढलंय." हे म्हणाले, "परत होतं तिकीट." मग पंखा कुणी कमी करायचा यावर वाद, थेट, एकमेकांत! मी भांड्यावर झाकण ठेवून रडून घेतलं.

पाहुण्यांनी जिन्यात बसून बैठक घेतली. टोपी परत डोक्यावर. टोपीवाला म्हणाला, ही टेप म्हणजे कच्चा, अपरिपक्व मसुदा आहे, खरी कलाकृती रेकॉर्डच; टेप बाहेर न गेलेली बरी. दोघांनी मंचावर बसून संथ वाजवावं, अशी त्यांची विनंती. भावजी म्हणाले, "संथ? आम्ही नाचायचं वाजवत होतो हो." हे म्हणाले, "आणि पाठीवर कल्पना कुणाची ते काही छापू नका." भावजींनी मान हलवली. चष्मेवालीने ते लिहून घेतलं, पण रडत.

संध्याकाळी दोघे भाऊ बादली उलटी ठेवून आणि दाराची फळी पुढे घेऊन बडवत बसले. खालची बाई वर आली, कपड्यांवरून भांडली तीच, आता तिलाही कमी ऐकू येतं. म्हणाली, "जोरात वाजवा."

टोपीवाला आणि चष्मेवाली दोघा भावांचं मन वळवायला परत येणार आहेत. येत्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेदहाला, असं चष्मेवालीने जिन्यातून दोनदा सांगितलं. भावजींना विचारलं तर म्हणाले, तोवर आहे मी.